जास्वंद वाखाची, गाठ हाताची

महोदय,

शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) यांच्या दोरांच्या शिल्पांना सर्रास ‘विणलेली शिल्पे’ म्हटले जाते. ती विणलेली नाहीत. माग नाही, ताणाबाणा नाही. रंगवलेल्या वाखाच्या (हेम्पच्या तंतूंच्या) दोराला गाठीवर गाठ मारत आकार वाढवलेला आहे. साध्या चौकोनी गाठींची पट्टी करायची तरी मधोमध दुमडून अडकवायचा दोर, न दुमडता मोजला तर, तयार लांबीच्या सात-आठ पट घ्यावा लागतो. कमी पडला की जोड द्यावा लागतो आणि ती जागा फुगते. माणसाहून उंच ‘वनश्री’ या त्यांच्या शिल्पाला किती दोर लागला असेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जानेवारी २०१५ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन उघडले आणि काही दिवसांतच त्या गेल्या. जन्म मात्र मुंबईचा. इथे ही शिल्पे मांडायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मांडावीत. दमट हवेत वाख पाणी पितो, फुगतो, पीळ आवळतो आणि दोर आखडतो. सुकला की सैलावतो. रात्री एसी बंद, सकाळी सुरू, हा खाक्या तर सततच्या दमटपणापेक्षाही वाईट. टांगलेल्या शिल्पाचा सारा भार वरच्या गाठींवर असतो, त्या आधी ओघळतात. आतल्या पोलादी सांगाड्याला गंज चढला तर तांबूस डाग वाखात उतरतो, मग तो निघत नाही.

प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचे माप) आत हवा. उद्घाटनाच्या दिवशी फोटोंसाठी लावलेले झगझगीत दिवे नंतर कुणी काढत नाही, रंग तिथेच उडतो. धूळ ओल्या फडक्याने पुसू नये, कच्चा रंग पसरतो. मऊ ब्रशने सैल करून, तोंडाला जाळी बांधलेल्या कमी ओढीच्या व्हॅक्यूमने ती घ्यावी.

नावांचे काय? ब्रिटनच्या टेट या कलासंग्रहालयातले त्यांचे ‘जौबा’ (२०००) हे शिल्प म्हणजे बंगालीतली जबा, आपली जास्वंद. पाटीवर तेवढे मराठीत लिहिले तरी बघणाऱ्याला पाकळी दिसू लागते.

आणि हात लावायचा मोह आवरत नाहीच. ‘स्पर्श करू नये’ची पाटी लावण्याबरोबर दाराशी न रंगवलेल्या वाखाच्या दोराची हातभर गाठवलेली पट्टी टांगावी, खालची गाठ अर्धवट सोडून. ज्याला ओढायची त्याने ती ओढावी.

– वस्त्रसंवर्धनाशी संबंधित काही वाचक, मुंबई