लोकल आधार चालत नाही म्हणे!

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : लातुरात रात्रीपुरती एक खोली मिळण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपण कामात असाल. मराठवाड्याकडे यायला आपल्या मंडळींना झेंडावंदनाचा एक दिवस असतो, तो येत्या १७ तारखेला आहेच. देश १५ ऑगस्ट १९४७ ला सुटला, आम्ही १७ सप्टेंबर १९४८ ला. तेरा महिने उशिरा. तेव्हा उशिराची आम्हाला सवय आहे. पण सहा सप्टेंबर २०२५ च्या रात्री जे झालं ते त्या सवयीत बसत नाही, म्हणून लिहितोय.

मी अडतीस वर्षांचा. बियाणं-खतांचं दुकान आहे. माझा जोडीदार उदगीरकडचा, आणि तोही पुरुषच आहे. एका वाक्यात सांगून टाकलं, म्हणजे पुढं अडखळायला नको. सहा वर्षं झाली. त्याच्या घरी तीन खोल्यांत आठ माणसं, माझ्या घरी आई आणि तिनं जमवलेले मुलींचे बायोडाटे. म्हणून आम्हाला लॉज लागतो.

खरं तर आपल्याकडे दोन बाप्यांना खोली मिळणं अजिबात अवघड नाही. औषध कंपनीचे एमआर, बियाण्यांचे प्रतिनिधी, नीटच्या क्लासला पोरगं टाकायला आलेले बाप, यांच्यावर तर इथले लॉज चालतात. आम्हीही सहा वर्षं एमआरच होतो. रजिस्टरात ‘कामाचे स्वरूप : कंपनी’ लिहायचं आणि वर जायचं. त्या रात्री मात्र विसर्जन, त्यात समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणणाऱ्या कलम ३७७ च्या निकालाला बरोब्बर सात वर्षं झालेली. जोडीदारानं डोळ्यांत थोडं काजळ घातलं होतं. काउंटरवरचा माणूस गुलालानं माखलेला. त्याच्या डोक्यावर पाटी, ‘अतिथी देवो भव’. दोन सिंगल बेडची खोली आहे म्हणाला. जोडीदार म्हणाला, डबल बेड असेल तर द्या.

माणसानं मान वर केली. काजळ बघितलं. “दोघं एका खाटंवर कशाला झोपायलाव? दुसरी गादी टाकून देतो की.”

“गादी नको,” जोडीदार म्हणाला.

एवढंच. सहा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो, तेही एका गादीपुरतं. दोन्ही आधार कार्डं काउंटरवरून सरकत परत आली. “लोकल आधार चालत नाही.” मागं टीव्ही बघत बसलेलं पोरगं फिस्सकन हसलं. पुढच्या दोन लॉजवर तेच. तिसऱ्यानं तर काजळाकडं बघूनच हात हलवला. शेवटी बसस्टँड. तिथल्या नळावर त्यानं काजळ धुतलं, शर्टच्या बाहीनं डोळे पुसले, आणि पहाटेच्या उदगीर गाडीपर्यंत आम्ही बाकड्यावर मधे एक पिशवी ठेवून बसलो. पिशवीत दुसरं काही नव्हतं, एक बेडशीट होती. ती आम्ही नेहमी घरूनच नेतो.

नंतर आठवडाभर दुकानातून फोन लावले. सतरा लॉज. अठराही असतील, एकाला बहुतेक दोनदा लागला. “दोन पुरुष, डबल बेड, लातूरचं आधार” एवढंच विचारत होतो. चौघं हो म्हणाले, त्यातल्या दोघांनी दुप्पट भाडं सांगितलं. बाकीच्यांचं ठरलेलं : वरून नियम आहे. वरून म्हणजे कुठून, साहेब? कुठल्या कायद्याचं कुठलं कलम? आपल्या माणसांना विचारून तेवढं कळवा. आम्ही ते छापून पाकिटात ठेवू, आधारच्या शेजारी.

आता आपण म्हणाल, मुंबईला जा. गेलो होतो, जूनमध्ये. लातूर एक्स्प्रेसनं, म्हणजे तुम्ही लोकांनी आठवड्यातले तीन दिवस बिदरला देऊन टाकली त्या गाडीनं. अंधेरीत साध्या हॉटेलात उतरलो. तिथल्या पोरानं एकच प्रश्न विचारला, एसी का नॉन-एसी. एका रात्रीचे २८०० रुपये गेले, पण साहेब, त्या प्रश्नाची किंमत मी आणखी हजार दिली असती.

मुंबईत ‘आपल्या लोकांचा’ असा वेगळा मोहल्ला नाही, हे तिथं गेल्यावर कळलं. कुलाब्यात थोडं, वांद्र्यात थोडं, बाकी शनिवारी कुणीतरी भाड्यानं हॉल घेऊन पार्टी ठेवतं. वाकोल्याला हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो. २००८ साली ऑगस्ट क्रांती मैदानातून मोर्चा निघाला, तिथून पुढं बहुतेक वर्षी हजारोंनी माणसं चालतात. सहारला विमानतळाजवळ ललित हॉटेल आहे. ते चालवणाऱ्या घरातले केशव सुरी ३७७ च्या खटल्यात स्वतः याचिकाकर्ते होते. आम्ही ते बाहेरून बघितलं. आत जायची ऐपत नव्हती, आणि चप्पल घालून आलो होतो.

तरी एका पार्टीला गेलो. तिकीट, त्यावर एका कोल्ड्रिंकचे साडेतीनशे. सगळं इंग्रजीत चाललेलं. एकानं प्रेमानं विचारलं, कुठून आलात? लातूर म्हटलं. “ओह, रेल्वेनं पाणी नेलं होतं तेच ना?” हो, तेच. २०१६ साली मिरजेहून पाणी आलं होतं आमच्याकडं. पाणी रेल्वेनं येतं, आणि आम्हाला मोकळा श्वास घ्यायचा तर रेल्वेनं मुंबईला जावं लागतं. जाता-येता हजार किलोमीटर.

राग मुंबईवर नाही. राग तुमच्या नकाशावर आहे. २०२४ च्या पर्यटन धोरणात १ लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार लिहिलेत म्हणे. आमच्या संभाजीनगरला पर्यटनाची राजधानी म्हणून मिरवता. अजिंठा-वेरूळला १९८३ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, तो दाखवून जगभरातल्या जोडप्यांना बोलावता. त्यात दोन बाप्ये, दोन बाया येत नसतील असं वाटतं? थायलंडचं सरकारी पर्यटन खातं अशा पाहुण्यांसाठी खास मोहीम चालवतं, तिथं २३ जानेवारी २०२५ पासून त्यांची लग्नंही लागतात. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाला नाही म्हटलं. बरं, राहिलं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानंच सांगितलं की आमच्यासारख्यांना बँकेत जॉइंट खातं उघडायला आडकाठी नाही. रेशन कार्डासाठीही एकाच घरातले धरायचे. म्हणजे गहू एकत्र चालतो, पासबुक एकत्र चालतं, गादी तेवढी चालत नाही!

सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, १९८४ ला दांडेकर समितीनं मोजला तेव्हापासूनचा, ऐकत मोठा झालो. मराठवाडा विकास मंडळाची मुदत २०२० ला संपली. मग आमच्या गादीचा अनुशेष कोण मोजणार? चुकून मोजलाच तर तेवढाही निधी पुण्याकडं वळवू नका.

फार मोठं काही मागत नाही. सज्ञान माणसं, खरं ओळखपत्र, खोली रिकामी, तर नाही म्हणायचं नाही, एवढं एका पानाचं पत्रक काढा आणि काउंटरवरच्या त्या पाटीखाली चिकटवायला लावा. आपल्या पर्यटन महामंडळाच्या निवासांपासून सुरुवात केलीत तरी चालेल.

पत्रक निघेपर्यंत आम्ही मुंबईलाच जाणार. पुढच्या शनिवारचं तिकीट काढलंय, वेटिंग २३ आणि २४. आपल्या कार्यालयातून रेल्वेच्या कोट्यासाठी पत्रं जातात असं ऐकून आहे. कन्फर्म नाही झालं तर निदान आरएसी करून द्या. आरएसीत दोघांना एकाच बर्थवर बसवतात, आणि टीसी फक्त तिकीट बघतो.

आपला,
लातूरचा एक दुकानदार
(नाव लिहीत नाही. आई वाचते.)