ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परदेशस्थ भारतीयांविषयी काही छापून आले की मराठी वृत्तपत्रांत ‘दुहेरी नागरिकत्व’ हा शब्द हमखास येतो, आणि तो बहुधा ओसीआय कार्डाला, म्हणजे परकीय नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाला, लावलेला असतो. ही चूक नुसती शब्दाची असती तर पत्र लिहिले नसते. तिच्यापायी लोक विमानतळावरून घरी परततात, म्हणून लिहितो.

भारतीय कायद्यात प्रौढ माणसासाठी दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९ : स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी अर्ज लागत नाही. नियमांत तर परकीय पासपोर्ट मिळालेला असणे हाच निर्णायक पुरावा मानला आहे. म्हणजे हातातला भारतीय पासपोर्ट निकामी होतो तो परकीय नागरिकत्व मिळाले त्या दिवशी. तो वकिलातीत जमा करतो त्या दिवशी नव्हे. त्यावर छापलेली मुदत अजून सहा वर्षे शिल्लक असली तरी ती मुदत आता कोणाच्याच उपयोगाची नसते. नेमके हेच लोकांच्या गळी उतरत नाही.

गोंधळाला सरकारचाही हातभार आहे. परदेशस्थ भारतीयांविषयीच्या सिंघवी समितीने जानेवारी २००२ मध्ये दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली, पण प्रत्यक्षात २००५ मध्ये जे आले त्याचे नाव ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. नावात सिटिझन आणि हातात आजीव व्हिसा! मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. २०१५ मध्ये कायद्यात पुढे ‘कार्डहोल्डर’ हा शब्द जोडला, तोवर नाव रुळले होते.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. नागरिकत्वाच्या शपथविधीच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावरच ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचे कार्ड) काढून घेतात. कार्यक्रम संपल्यावर हातात येते ते नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, आणि ते प्रवासाचे कागदपत्र नव्हे. त्याच आठवड्यात गावाकडून वडिलांच्या आजारपणाचा फोन येतो आणि माणूस जुन्या भारतीय पासपोर्टवर मुंबईला उतरतो. उतरताना सहसा काही अडत नाही, कारण समोरच्या अधिकाऱ्याला पासपोर्ट चालू दिसतो. अडते ते परतताना. विमान कंपनीच्या काउंटरवर ग्रीन कार्ड किंवा व्हिसा मागतात, दोन्ही नसते. अमेरिकेचा कायदाही स्वतःच्या नागरिकाने अमेरिकन पासपोर्टवरच देशात यावे-जावे असे सांगतो. मग मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत पासपोर्टसाठी अर्ज. तो मिळाला की पुढची अडचण : त्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा नाही, प्रवेशाचा शिक्का नाही. आता ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर एक्झिट परमिटचा, म्हणजे देश सोडण्याच्या परवानगीचा अर्ज, दंड आणि खुलासा.

म्हणून क्रम मोडू नये. आधी अमेरिकन पासपोर्ट. त्याच्या अर्जासोबत प्रमाणपत्राची मूळ प्रत टपालाने जाते, तेव्हा तिची रंगीत छायाप्रत आधीच काढून ठेवावी. मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, आणि ते हातात आल्यावर ओसीआयचा अर्ज. प्रसंग तातडीचा असेल तर अमेरिकेतल्या पासपोर्ट एजन्सीत प्रवास चौदा दिवसांच्या आत असणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटीची वेळ मिळू शकते. पासपोर्ट आला की त्यावर ई-व्हिसा काढून निघावे. जुन्या भारतीय पासपोर्टवर ‘एवढ्या खेपेला जाऊन येतो’ हा हिशेब करूच नये. आणि रद्दचा शिक्का मारून परत आलेला पासपोर्ट फेकू नये. पुढे मुलानातवंडांच्या ओसीआयसाठी मूळ भारतीयत्वाचा तोच सर्वांत सोपा पुरावा असतो.

मराठी माणसाची एक खास अडचण नावाची. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, जन्मदाखल्यावर ते असतेच असे नाही, आणि शपथविधीत कोणी मधले नाव गाळतो, कोणी माहेरचे आडनाव परत घेतो. ओसीआयवरचे नाव परकीय पासपोर्टाशी अक्षरशः जुळावे लागते, तर सरेंडर सर्टिफिकेटवर जुने नाव असते. हा सांधा जोडणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचा न्यायालयीन आदेश, अर्जाबरोबरच लावावा. ओसीआयचे अर्ज रेंगाळतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

कार्ड मिळाल्यावरही ते एकटे चालत नाही. सोबत चालू परकीय पासपोर्ट हवाच. २०२१ पासून जुना पासपोर्ट बरोबर ठेवण्याची सक्ती नाही, तरी कार्डावर त्याचा क्रमांक असेल तर तो बॅगेत असलेला बरा, कारण परदेशातल्या प्रत्येक काउंटरवरच्या माणसाला हा बदल माहीत असतोच असे नाही. विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टाची प्रत आणि फोटो तीन महिन्यांत संकेतस्थळावर चढवायचा. वीस पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या पासपोर्टनंतर कार्ड नव्याने काढायचे. पन्नाशीनंतर पुन्हा एकदा प्रत चढवायची. मतदारयादीतले नाव कमी करणे आणि बँकेतले साधे बचत खाते एनआरओ (अनिवासींसाठीचे खाते) करून घेणे, ही कामेही याच वेळी उरकावीत.

मुलांच्या बाबतीत कायद्यात एक फट आहे. परदेशात भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत केली तर ते भारतीय ठरते, आणि जन्माने दुसऱ्या देशाचेही असेल तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत परके नागरिकत्व सोडले नाही तर भारतीयत्व जाते. पण नोंदणीच्या वेळी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेले जोडपे हौसेने बाळाचा भारतीय पासपोर्ट काढते आणि आजीआजोबांना भेटवायला आणते. परत कसे न्यायचे? अमेरिकेत जन्मलेले मूल अमेरिकन नागरिक, म्हणून त्याला अमेरिकेचा व्हिसा देत नाहीत. आणि अमेरिकन पासपोर्ट काढावा तर वरचे लिहून दिलेले खोटे ठरते. अमेरिकेतच राहायचे असेल तर बाळाला अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय, हाच सरळ मार्ग.

गोव्याची गोष्ट वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो. तो घेतल्यावर भारतीय पासपोर्टही खिशात ठेवणारे विमानतळावर कुठे अडकतात ते पाहा. लंडनला निघताना इमिग्रेशनच्या खिडकीवर भारतीय पासपोर्ट दिला तर अधिकारी विचारतो, लंडनचा व्हिसा कुठे आहे? पोर्तुगीज दिला तर विचारतो, भारताचा व्हिसा कुठे, आत आलात कधी? दोन्ही पुढे केले तर प्रश्नच मिटला. भारतीय पासपोर्ट तिथेच राहतो. परकीय नागरिकत्व दडवून वापरलेले पासपोर्ट जमा करून न घेता रद्द करण्याचे धोरण २०२२ च्या अखेरीस आले आणि मग सरेंडर सर्टिफिकेटअभावी ओसीआयही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पूर्वीच्या पोर्तुगीज प्रदेशांतल्या लोकांसाठी त्याऐवजी रद्द केल्याचा दाखला चालेल अशी सवलत जाहीर केली होती. तिचा अर्थ दोन पासपोर्ट चालतात असा लावणारे पणजीत भेटतात. तसा तो नाही.

खरे दुहेरी नागरिक पाहायचे असतील तर ते ब्रिटनमधल्या स्विंडन-साउथहॉलचे गोवेकर : पोर्तुगीजही आणि ब्रिटिशही. त्यांच्यासाठी २५ फेब्रुवारी २०२६ पासून नियम कडक झाला. एप्रिल २०२५ पासून युरोपीय पासपोर्टधारकाला ब्रिटनला जाण्याआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी लागते, पण ब्रिटिश नागरिकाला ती काढताच येत नाही. नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर विमान गाठायला गेलेल्या अशा माणसाला आता ब्रिटिश पासपोर्ट किंवा ब्रिटनमध्ये राहण्याच्या हक्काचे प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट) दाखवावे लागते. कॅनडाने हाच नियम नोव्हेंबर २०१६ पासून लावला आहे.

शेवटी माहेरच्या बाळंतपणाबद्दल. आईवडील दोघेही परकीय नागरिक असतील तर पुण्यात जन्मलेले बाळ भारतीय ठरत नाही. डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो. बाळाचा महापालिकेचा जन्मदाखला, मग वकिलातीतून पासपोर्ट, मग ई-एफआरआरओवर एक्झिट परमिट, कारण बाळाच्या पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्काच नसतो. यात काही आठवडे जातात. बारशाची तारीख खुशाल आधी ठरवा, परतीचे तिकीट मात्र परमिट हातात आल्यावर काढा.

— पासपोर्ट-व्हिसाची कामे पाहणारा एक वाचक, ठाणे