उसना माउस आणि साडेसहाशे जणींची मापे

बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातील ताईंस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपण मला नावाने ओळखत नसाल. पण तुळशीची लग्ने उरकल्यानंतरच्या सोमवारी तडकलेला मोबाईल रुमालात गुंडाळून आपल्या दुकानी आलेली शिवणकाम करणारी बाई म्हटले की बहुधा आठवेल. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मी घाईघाईने ‘थँक्यू’ एवढेच म्हणून निघाले, कारण घरी चौदा ब्लाऊज कापायचे राहिले होते. आता लग्नसराईचा पहिला जोर ओसरला आहे, तेव्हा जे बोलायचे राहून गेले ते नीट लिहून, आणि चार लोकांना वाचता येईल असे, सांगावे म्हणून हे पत्र.

त्या मोबाईलमध्ये काय होते हे आपण विचारले नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या सांगलीच्या गल्लीत शिरले तेव्हा मशीन सोडवून माळ्यावर चढवण्याइतका वेळ मिळाला, पण मापांच्या तीन वह्या कपाटाच्या खालच्या खणातच राहिल्या. पाणी उतरल्यावर त्या उघडल्या तर शाईच्या पेनाने लिहिलेले सगळे आकडे निळे होऊन पानभर पसरले होते. छाती कोणाची चौतीस आणि कोणाची अडतीस, काही सांगता येईना. गिऱ्हाइकांना पुन्हा बोलावून मापे घेताना मला जी शरम वाटली, ती ज्याने हा धंदा केला आहे त्यालाच कळेल. तेव्हापासून मी माप कागदावर घेते आणि त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवते. उंची, मुंढा, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा, असे साडेसहाशेच्या वर बायकांचे सगळे त्यात होते. शिवाय व्हॉट्सॲपवर आलेले गळ्यांचे नमुने, ‘काकू, बाही अंमळ सैल ठेवा’ असे आवाजी निरोप, आणि ‘पाठीला इथे ओढतोय’ हे दाखवण्यासाठी बायकांनी घालून पाहिलेल्या ब्लाऊजचे काढून पाठवलेले फोटो. हे शेवटचे फोटो त्या फक्त शिंपिणीला पाठवतात, दुसऱ्या कोणाला नाही.

या मोबाईलवर रविवारी रात्री माझीच दहा इंची कात्री पडली. पडद्यावर सारे दिसत होते, पण बोट लावले की काही हलत नव्हते. सोमवारी सकाळी मी मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात गेले. टच गेला आहे, डिस्प्ले बदलावा लागेल, पार्ट यायला आठ दिवस लागतील आणि डेटाची हमी नाही, असे तेथे सांगितले, आणि एक चिठ्ठी पुढे करून तिच्यावर नाव, नंबर आणि पडद्याच्या कुलपाचा नमुना लिहायला सांगितला. नऊ ठिपक्यांची चौकट त्या चिठ्ठीवर छापलेलीच होती. मी पेन हातात घेतले होते हे आज कबूल करते. का कोण जाणे, ‘जरा येते’ म्हणून बाहेर पडले आणि पावतीपुस्तकाच्या पानांची झेरॉक्स काढायला आपल्याकडे आले, कारण मोबाईल बंद पडल्यावर नवरीकडच्या ऑर्डरींचा तेवढा एकच कागदी पुरावा माझ्याजवळ उरला होता.

आपण झेरॉक्स काढता काढता विचारलेत, ‘पडदा दिसतोय ना? मग अजून काही गेलेले नाही.’ आणि आपल्या संगणकाचा माउस काढून, बोटाच्या पेराएवढ्या एका ओटीजीच्या पिनेतून तो माझ्या मोबाईलला जोडलात. मोबाईलच्या पडद्यावर माउसचा बाण फिरतो हे मी जन्मात पाहिले नव्हते. ‘आता बोटाऐवजी याने कुलूप उघडा,’ असे म्हणून माउस माझ्या हातात दिलात आणि खुर्ची वळवून प्रिंटरमध्ये कागद भरू लागलात. माझा हात थरथरत होता, नमुना तीनदा चुकला, तेवढा वेळ आपण त्या प्रिंटरशी काही ना काही करत पाठमोऱ्या बसून होतात. अर्ध्या तासापूर्वी तोच नमुना मी एका चिठ्ठीवर काढून देणार होते.

कुलूप उघडले, पण पुढची अडचण मला कळलीही नसती. मोबाईलला भोक एकच. त्यात माउस असेपर्यंत संगणकाची केबल लावता येत नाही, आणि माउस काढून केबल लावली तर मोबाईल विचारतो की नुसते चार्जिंग करायचे की फाइली द्यायच्या, त्याला उत्तर द्यायला बोट चालत नाही. आपण क्षणभर थांबलात, मग माझ्याच हातून सेटिंगमध्ये नेऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा क्लिक करायला लावलेत. सातव्या क्लिकला एक दडलेले दालन उघडले, आणि त्यात केबल जोडताच फाइली द्याव्यात असे आधीच ठरवून ठेवण्याची सोय निघाली. पडदा विझण्याची मुदतही वाढवून घेतलीत, म्हणजे माउस काढून केबल लावेपर्यंत कुलूप पुन्हा पडू नये. असली युक्ती पुस्तकात वाचून सुचत नाही, ताई.

माउस काढण्यापूर्वी आणखी एक काम आपण आठवणीने करवून घेतलेत. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन ताजी प्रत काढायला लावलीत. गूगलची १५ जीबी जागा माझ्या फोटोंनी कधीच भरली होती आणि तेथे जागा नसल्याची सूचना महिनोन्महिने येत होती, ती मी रोज बाजूला सारत असे. मला वाटे, म्हणजे बॅकअप होतच नाही. आपण समजावलेत की व्हॉट्सॲप रात्री दोनच्या सुमाराला एक प्रत मोबाईलमध्येही काढून ठेवते आणि शेवटच्या सात दिवसांच्या प्रती तेथे राहतात. फक्त मोबाईल गेला की त्याही त्याच्याबरोबर जातात. शिवाय त्या प्रतीत नुसते निरोप असतात, फोटो आणि आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, म्हणून ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यातले व्हॉट्सॲपचे फोल्डर असे सबंध उचलले पाहिजे. हे वाक्य मी त्याच झेरॉक्सच्या मागे लिहून घेतले आहे.

माझी केबल लावली तर संगणकाला मोबाईल दिसेचना. ती स्वस्तातली, फक्त चार्जिंगची निघाली. आपली केबल लावताच संगणकाच्या पडद्यावर मोबाईलची खिडकी उघडली आणि तिच्यात माझे फोटो एकामागोमाग एक, चांगले मोठाले, दिसायला लागले. सात-बाराच्या प्रिंटसाठी तीन माणसे माझ्या मागे उभी होती. आपण काही न बोलता दोन कळा दाबल्यात आणि सगळी चित्रे जाऊन त्यांच्या जागी नुसती नावे उरली: अक्षरे, तारखा, आकडे. कोणाच्या पाठीचा फोटो आहे की गळ्याच्या नमुन्याचा, हे त्या नावांवरून कोणालाही कळू शकत नव्हते. या पत्राचे मुख्य कारण खरे म्हणजे तेवढी एक गोष्ट आहे. आपण ती कोणालाही जाणवू न देता केलीत, मला मात्र जाणवली, आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या वतीने मी आपले आभार मानते; त्यांना हे कधी कळणार नाही.

त्यानंतर शेजारच्या दुकानातून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणायला लावलात, आणि मोबाईलमधून थेट त्यावरच प्रत घेतलीत. दुकानाच्या संगणकावर काही उतरवून ठेवायला नको, येथे दिवसभर कोणी ना कोणी बसते, हे कारण आपण सहज सांगितलेत. ‘कट’ कधी करू नका, ‘कॉपी’च करा, मध्येच केबल हलली तर कट केलेले ना इकडचे राहते ना तिकडचे, हेही. सगळे मिळून ४१ जीबी भरले. वेळ लागला साडेतीन तास. मी पिशवीतले दोन ब्लाऊज काढून बाकावर बसून हुक लावत होते आणि आपण मध्ये आधार कार्डांच्या झेरॉक्स काढत, मध्ये माझ्या खिडकीकडे नजर टाकत होतात. एकदा कॅमेऱ्याच्या फोल्डरची कॉपी अर्ध्यावर थांबली, तेव्हा फाइलींच्या नावांतल्या तारखा पाहून आपण वर्षावर्षाचे गठ्ठे केलेत आणि एकेक गठ्ठा उतरवलात. मला तर कापड ताग्यावरून मोजून घेणाऱ्या जुन्या दुकानदाराची आठवण झाली.

संपले असे मला वाटले तेव्हा आपल्या दृष्टीने ते संपलेले नव्हते. खिडकीच्या तळाशी येणारा आकडा मोबाईलकडचा आणि पेनड्राइव्हकडचा शेजारीशेजारी ठेवून पाहिलात, तो तीनाने कमी आला. तीन फाइलींसाठी मी सोडून दिले असते. आपण त्या शोधल्यात, तीन मोठे व्हिडिओ होते, ते पुन्हा उतरवलेत, आणि मग पडदा माझ्याकडे वळवून म्हणालात, ‘आता तुम्ही स्वतः कोणतेही चार फोटो उघडून बघा. उघडत नसेल तर ती प्रत नव्हे.’ मी पहिला, शेवटचा आणि मधले दोन उघडले. मधला एक निघाला माझ्या मावसबहिणीच्या सुनेच्या मापाचा. कागदाच्या कोपऱ्यावर चहाचा डागसुद्धा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी नवा मोबाईल घेऊन आले तेव्हाचे मी थोडक्यात लिहिते, कारण ते सगळे आपण ठरवलेल्या क्रमाने सुरळीत झाले. व्हॉट्सॲप उतरवले, पण उघडू दिले नाहीत. आधी पेनड्राइव्हवरचे फोल्डर नव्या मोबाईलमध्ये त्याच जागी ठेवले, मग ॲप उघडले, जुनाच नंबर घातला, ओटीपी आला आणि ‘प्रत सापडली, परत आणू का?’ असे त्याने स्वतःच विचारले. तेथे घाईत ‘वगळा’ दाबणारे लोक नंतर रडत येतात, असे आपण म्हणालात. मी मुळीच दाबणार नव्हते, पण आपला हात माझ्या मनगटाशी आला तो आलाच. जुन्या प्रतीची ती फाइल, नावाच्या शेवटी ‘क्रिप्ट’ असे काहीसे असलेली, माझ्या नंबराशिवाय आपल्यालाही उघडता येणार नाही, हे कळल्यावर मला जास्त हायसे वाटले. निरोप परतले, आवाज परतले. जे संपर्क गूगल खात्यात नव्हते, नुसते जुन्या मोबाईलमध्ये होते, त्यांची एक फाइल आपण आदल्या दिवशीच काढून घेतली होती, तीही उघडली. यूपीआय मात्र असे उचलून आणता येत नाही, ते सिममधून एसएमएस जाऊन नव्यानेच जोडावे लागते, हे आपण आधी सांगितले नसते तर मी बँकेत धावले असते.

त्या दुरुस्तीच्या दुकानावर माझा राग आहे का, असे घरी विचारले. नुसता डिस्प्ले बदलल्याने आतले काही जात नाही, हे मला आपल्याकडून समजले, आणि त्यांनी तेवढे सांगितले असते तरी पुरे होते. हल्लीच्या मोबाईलमधली माहिती आतल्या आत कुलूपबंद असते, चिप काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी वाचता येत नाही, म्हणून फोनचा मुख्य बोर्डच दुरुस्तीपलीकडे गेला तर मोठ्यातला मोठा कारागीरही हात टेकतो, हेही तेव्हाच कळले. राग असा नाही. पण ती ठिपक्यांची छापील चौकट डोळ्यांसमोरून जात नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मुलीच्या जुन्या लॅपटॉपला मोबाईल जोडते आणि नवे फोटो पेनड्राइव्हवर घेते. खिडकीतली चित्रे आधी नावांत बदलते, घरात मी एकटी असले तरी. तळाचे आकडे जुळवते. एक पेनड्राइव्ह बॉबिनच्या डब्यात असतो, आणि त्याची दुसरी प्रत मिरजेला बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर. पाणी तिथवर चढत नाही.

दोन्ही दिवसांचे मिळून आपण दीडशे रुपये घेतलेत आणि झेरॉक्सचे घेतलेच नाहीत. जास्त द्यायला गेले तर ‘काकू, राहू द्या’ म्हणालात. त्यावर वाद घालत नाही. पण माझ्याकडे गर्द जांभळ्या रंगाचे एक खणाचे कापड ठेवलेले आहे आणि त्याचा ब्लाऊज आपल्यासाठी शिवायचा असे मी मनाशी धरले आहे. अडचण एवढीच की साडेसहाशे जणींत आपले माप नाही. गुरुवारी दुपारी बाजार बंद असतो, तेव्हा टेप घेऊन मी दुकानावर येते. मागचा गळा किती खोल हवा, तेवढे आधी ठरवून ठेवावे.

कळावे. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपली,
रुमालात मोबाईल गुंडाळून आलेली काकू