ट्राम अडवल्याचे श्रेय भलत्यालाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील फ्लॉरेन्सवरचा लेख वाचला. नागरिकांनी मतदान करून ट्राम पिटाळून लावली आणि ड्युओमो (म्हणजे तेथील मुख्य कॅथेड्रल) वाचवला, ही लेखकमहाशयांची कथा स्फूर्तिदायक आहे. फक्त ती तशी घडलेली नाही. फेब्रुवारी २००८ मधील ते सार्वमत केवळ सल्लावजा होते, त्यात ४० टक्क्यांपेक्षाही कमी मतदार सहभागी झाले होते आणि ट्रामविरोधकांचे बहुमत निसटते होते. कौल महापालिकेवर बंधनकारक नव्हताच, आणि शेजारच्या स्कांदिच्ची गावाहून येणारा पहिला मार्ग १४ फेब्रुवारी २०१० रोजी सुरूही झाला. ट्राम ड्युओमोच्या दारातून गेली नाही, याचे श्रेय द्यायचेच तर ते नवे महापौर मात्तेओ रेन्झी यांना द्यावे लागेल, कारण ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी तो चौक केवळ पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला. तोवर शहराच्या बसगाड्या ड्युओमोच्या संगमरवराला खेटून धूर सोडत ये-जा करीत होत्या. वारशाच्या काळजीने ज्यांची झोप उडाली होती, त्यांना हा धूर कसा चालत होता, हे लेखकमहाशयांनी विचारायला हवे होते.

हे इतक्या त्राग्याने लिहिण्याचे कारण असे की, दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता पुण्यातील एका सहल कंपनीबरोबर तेथे गेलो होतो. रोमहून येणाऱ्या ए-१ महामार्गालाच लागून व्हिल्ला कोस्तान्झा हा वाहनतळ आहे. महामार्ग न सोडता तेथे गाडी लावायची आणि शेजारच्या थांब्यावरून ट्रामने अर्ध्या तासाच्या आत सांता मारिया नोव्हेल्ला हे शहराचे मुख्य रेल्वे स्थानक गाठायचे, अशी सोय २०१७ पासून उपलब्ध आहे. मी घरूनच ही माहिती काढून नेली होती. टूर मॅनेजरना तसे सुचवले, तेव्हा "काका, ट्राममध्ये पाकीटमार असतात, आपली बस कशी सेफ!" असे उत्तर मिळाले. त्यानंतर ती सेफ बस शहराच्या भोवतालच्या रुंद रस्त्यांवर अडकली. (फ्लॉरेन्स इटलीची राजधानी असताना, १८६५ पासून, ज्युसेप्पे पोज्जी या वास्तुरचनाकाराने जुना तट पाडून आखलेले हेच ते रस्ते, तटाबद्दल मात्र लेखात चकार शब्द नाही.) फोर्तेझ्झा या जुन्या किल्ल्यापाशी सिग्नलला आम्ही खोळंबलो असताना शेजारून ट्राम निघून गेली. खिडकीशी एक आजी बसल्या होत्या, त्यांच्या चाकांच्या पिशवीतून भाजीची पाने डोकावत होती, आणि त्या आमच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या तिला कौतुक म्हणता येणार नाही.

पर्यटक बसला शहरात येण्यासाठी महापालिका शुल्क आकारते, जे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु माहितीपत्रकात 'सर्व खर्च समाविष्ट' असे ठळक अक्षरांत छापलेले असताना ते शुल्क आमच्याकडून गाडीतच रोख गोळा करण्यात आले, पावतीचे नाव नाही, आणि वाटेत वेळ गेल्यामुळे ड्युओमो आम्हाला बाहेरूनच दाखवण्यात आला. परतल्यावर कंपनीला दोनदा पत्र लिहिले. उत्तरादाखल पुढील हंगामाच्या स्कॅन्डिनेव्हिया सहलीचे रंगीत पत्रक आले.

एव्हाना, म्हणजे जानेवारी २०२५ पासून, फ्लॉरेन्सची ट्राम थेट सान मार्को चौकापर्यंत जाते, जेथून अकादेमिया संग्रहालय चार पावलांवर आहे. लेखात तिचा 'हद्दपार' असा उल्लेख करण्यापूर्वी कुणी नकाशा उघडून पाहिला असता तर बरे झाले असते. तसेच लेखासोबत 'फ्लॉरेन्समधील पोन्ते वेक्किओ' म्हणून छापलेले छायाचित्र व्हेनिसच्या रिआल्तो पुलाचे आहे, खाली गोंडोलाही स्पष्ट दिसतात. निदान ही दुरुस्ती तरी पुढच्या रविवारी, शक्यतो सहल कंपन्यांच्या जाहिरातींतून जागा उरल्यास, छापावी ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे