घराबद्दल, सायलीस

धरमपेठ, नागपूर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास, तेव्हापासून आई नीट जेवली नाही. तुला बोल लावायला लिहीत नाही. पण घर विकायचं आमच्या मनात कुसुमआत्या गेली तेव्हापासून आहे. दूधवाल्याने हाका मारल्या म्हणून कळलं, बेटा.

खापरीच्या अलीकडे ही रो हाउसेस आहेत. भिंतीला भिंत लागून एक ओळ, समोर सगळ्यांचं मिळून एक अंगण, आणि सामाईक स्वयंपाकघर. झोपायची खोली, न्हाणीघर खालीच. दारं 900 मिलिमीटर रुंद, उंबरठा नाही. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या घरांसाठी नियम काढले, त्यात दारांची ही रुंदी आहे; उद्या चाकाची खुर्ची आली तरी अडायचं नाही. मी मधलं घर मागितलं आहे. दोन्ही बाजूंना शेजार असला की मे महिन्यातलं ऊन त्या भिंतींवर पडत नाही, आणि रात्री कुणी एकटं पडलं तर भिंतीवर थाप मारता येते.

हे लिहायचं नव्हतं.

बिल्डर फसवेल म्हणतेस. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांवर एक पैसा देणार नाही, रेरा कायद्यातच तसं आहे. नव्या घरात जाईल तेवढ्याच नफ्यावर कर सुटतो, उरलेल्यावर भरू. तू वाकडला तेविसावा मजला बुक केलास तेव्हा एवढं पाहिलं होतंस का? हप्ता किती, नोकरी गेली तर काय, लिफ्ट बंद पडली तर... झालं, सुरू झालो मी. माफ कर. स्वतःच्या कमाईचं घर घेतेस, हे अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं आहे, काहींना दोनदा.

गच्चीचं तू म्हणालीस, ते मला लागलं. संध्याकाळी पाणी मारायचं, तापलेल्या फरशीतून वाफ निघायची, मग गाद्या. टाकीजवळच्या जागेसाठी तुझं न् पंकजचं भांडण, आणि आजीचा ओरडा की वड्यांच्या परातीला पाय लागेल. दहावीचा अभ्यासही तू तिथेच केलास, कंदील घेऊन, लाइट असताना! कशासाठी ते अजून सांगितलं नाहीस.

आता त्या गच्चीवर मी चढत नाही. कूलरच्या ताट्या बदलायला आई चढते आणि ती खाली येईपर्यंत मी जिन्याशी उभा असतो. मी नसलो तर कोण उभं राहील? तिला विचारलं तर हसून राहिली. तिकडे निदान अंगणात कुणीतरी असेल. भजनाला ती मेट्रोने सीताबर्डीला येईल, म्हणते.

वरची खोली तुझी. पुस्तकांचं कपाट तिथे मावेल, झोपाळा मावणार नाही.

करारनामा व्हॉट्सॲपवर पाठवतो, वाच. आणि नव्या घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची, एक तुझ्याकडे. चालेल का, एवढं कळव.

तुझे,
बाबा