क्लोरीन न काढणाऱ्या क्लोरीननाशकाबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल सायंकाळी आपल्या प्रतिनिधीशी माझे चौथ्यांदा बोलणे झाले. पाचव्यांदा बोलण्याची माझी तयारी नाही, म्हणून हे लेखी देत आहे.

बाटलीवरील सूचनेनुसार १० लिटरला ५ मिलिलिटर या प्रमाणात, सिरिंजने मोजून, मी तीन बादल्यांत आपले औषध घातले, ढवळले, पाच मिनिटे थांबलो आणि ६० लिटरच्या टाकीतील निम्मे पाणी बदलले. तासाभरात पाचही गोल्डफिश पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले आणि सकाळी त्यांतील दोन तळाशी पडलेले आढळले.

माझी नोकरी खानापूर तालुक्यातील नळांचे पाणी तपासण्यात गेली असल्याने घरात क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातील क्लोरीन तपासण्याचा संच आहे. बादलीत उरलेले पाणी नळीत घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकताच ते पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन जागेवरच होता. त्याच बादलीत चिमूटभर हायपो (क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेट) घालून पुन्हा तपासले, तेव्हा रंग आला नाही. नळ तोच, बादली तीच. बदलले ते फक्त औषध.

हे सर्व सांगितल्यावर आपला प्रतिनिधी म्हणाला, "साहेब, पाणी पिवळे येत असेल तर ते गढूळ आहे, फडक्याने गाळून घ्या." पिवळेपणा गाळाचा नसून तपासणीच्या थेंबांचा आहे, हे मी शांतपणे समजावले. थोडा वेळ शांतता पसरली. मग उत्तर आले, "मग ते थेंब टाकू नका ना, पाणी पिवळे होणार नाही." हा सल्ला आपल्या प्रशिक्षण पुस्तिकेतला आहे की त्यांची स्वतःची प्रतिभा, हे कृपया कळवावे. पुढे 'तुमच्या भागातले पाणीच खराब' हेही ऐकवण्यात आले. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाच पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. तो असणे हा पाण्याचा दोष नव्हे, आणि तो असतो म्हणूनच तर आपली बाटली विकली जाते.

मी मराठीत बोललो म्हणून माझी तक्रार महाराष्ट्राच्या खात्यात नोंदवली गेली आणि पिनकोड कर्नाटकाचा निघताच 'माहिती अपूर्ण' म्हणून बंदही झाली. सीमाप्रश्न आपल्या संगणकाने सोडवावा, अशी माझी अपेक्षा नव्हती.

फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूही क्लोरीनने मरतात. त्यामुळे अमोनिया साचू नये म्हणून उरलेल्या तीन माशांचे पाणी मी आता रोज थोडे थोडे बदलतो आहे, अर्थात हायपो घालून. आपली बाटली क्लोरीन काढत नाही, हे पुन्हा लिहितो, कारण चार वेळा सांगूनही ते नोंदले गेलेले नाही.

या बॅचचा तपासणी अहवाल आणि बाटलीची किंमत पंधरा दिवसांत मिळावी. अन्यथा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मला माझ्या राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात, तक्रार दाखल करता येते आणि मी ती करीन. उरलेले औषध पुरावा म्हणून बाटलीत तसेच ठेवले आहे. ते फडक्याने गाळलेले नाही.

आपला एक ग्राहक,
शहापूर, बेळगाव