पहिले पिस्तूल हात पाहून घ्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा आटोपून शाळांना सुट्ट्या लागल्या की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, मुलीला नेमबाजीला घालायचे आहे, पहिले पिस्तूल कोणते घेऊ?" एका जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लबमध्ये मी गेली एकोणीस वर्षे शाळकरी मुलांना १० मीटर एअर पिस्तूल शिकवीत आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मनू भाकरने एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले, सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र दुहेरीत दुसरे मिळवले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी आपल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणले, तेव्हापासून हा प्रश्न विचारणाऱ्यांची रांग पुष्कळच वाढली आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु प्रश्नाचा क्रम चुकतो आहे, आणि त्या चुकीची किंमत सामान्य घरांतील आईवडील मोजत आहेत, म्हणून आपल्या पत्राद्वारे चार गोष्टी सांगण्याची परवानगी घेतो.

प्रथम एक खुलासा करणे आवश्यक आहे. मी ज्याविषयी लिहीत आहे ते स्वसंरक्षणासाठी बाळगायचे दारूगोळ्याचे शस्त्र नव्हे. त्यासाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो, आणि त्या वाटेला जाणाऱ्याने आपल्याला त्याची खरोखर गरज आहे का, याचा दहा वेळा विचार करावा. खेळातील एअर पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालते. त्याच्या नळीचे छिद्र ४.५ मिलिमीटरचे असते आणि त्यातून अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा, चपट्या तोंडाचा शिशाचा छर्रा सुटतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर छिद्राच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या हवाई शस्त्राला परवान्याची गरज नाही, आणि स्पर्धेचे पिस्तूल या मर्यादेच्या बरेच खाली असते. मात्र परवाना नको म्हणजे ते खेळणे झाले असे कोणी समजू नये. दहा मीटरवरूनसुद्धा तो छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. पिस्तूल घरी आणल्यावर ते पेटीत, पेटी कुलपात आणि किल्ली मोठ्यांच्या हाती राहिली पाहिजे. ज्या घरात हे जमणार नसेल त्या घराने पिस्तूल क्लबच्या कपाटातच ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. एका मुलीची हकिगत सांगितल्याशिवाय माझे म्हणणे नीट पोहोचणार नाही. बारा वर्षांची, अंगाने किरकोळ, पण कमालीची चिकाटी असलेली ही मुलगी क्लबच्या जुन्या पिस्तुलावर सहा आठवड्यांत छान स्थिरावली होती. तिच्या वडिलांनी मला न विचारता पतसंस्थेचे कर्ज काढले आणि दूरच्या शहरातील एका विक्रेत्याकडून दोन लाखांच्या घरातले परदेशी पिस्तूल आणले. ऑलिंपिकमध्ये वापरतात त्याच कंपनीचे आहे, एवढे एकच कारण त्यांना पुरेसे वाटले होते. पिस्तूल उत्तम होते, यात शंका नाही. तथापि त्याची लाकडी मूठ, जिला आम्ही ग्रिप म्हणतो, मोठ्या मापाची होती. विक्रेत्याने मुलीचा हात पाहिलाच नव्हता. त्याच्याकडे जी ग्रिप शिल्लक होती ती त्याने दिली.

पुढचे चार महिने तिचे छर्रे सातत्याने लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाच्या डाव्या कडेला जात राहिले. मी तिला सांगत राहिलो की ट्रिगर ओढू नकोस, दाबत ने. ती मान हलवायची, पुन्हा उभी राहायची आणि पुन्हा छर्रा डावीकडे जायचा. एकदा ती लेनवरच रडली. मी साईटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणांचे, स्क्रू फिरवून छर्‍यांचा गट मध्यावर आणला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकला. शेवटी एका संध्याकाळी मी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून, नेम बाजूला ठेवून, केवळ तिचा हात पाहिला. तिची तर्जनी ट्रिगरपर्यंत जेमतेम पोहोचत होती. पेराच्या मऊ भागाऐवजी नखाजवळचे टोक टेकत होते, म्हणून दाब सरळ मागे न येता तिरका, डावीकडे जात होता. शिवाय बोट पोहोचावे म्हणून ती तळहात मुठीभोवती फिरवून घेत असे आणि अंगठ्याच्या बुडाशी लाकूड व हात यांच्यामध्ये चक्क एक पेन्सिल जाईल एवढी पोकळी राहत असे. चार महिने मी ज्या मुलीला चूक म्हणत होतो तिची चूक नव्हतीच. आमच्या ओळखीच्या सुताराकडे आम्ही ती ग्रिप नेली, कानशीने आणि पॉलिशपेपरने दोन बैठकांत घासून उतरवली, काही ठिकाणी लाकडाचे पुटीन भरले. महिन्याभरात तिचा गट मध्यावर आला. पण ते चार महिने आणि त्यात गेलेला तिचा आत्मविश्वास यांची भरपाई कोण करणार?

म्हणून पहिले पिस्तूल निवडताना कंपनीचे नाव शेवटी पाहावे आणि ग्रिप सर्वांत आधी पाहावी, असे मी आता प्रत्येक पालकाला सांगतो. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ ही सगळी नावे खात्रीची आहेत. यांपैकी कोणतेही पिस्तूल बाकावर घट्ट आवळून मारले तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. नवशिक्याच्या हातात या पिस्तुलांच्या अचूकतेतील फरक जाणवण्याचे कारणच नाही. ग्रिप मात्र पहिल्या दिवसापासून जाणवते. ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हाताची वेगवेगळी येते, तळहाताखालची फळी वरखाली सरकवता येते. ती बसते की नाही हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. मुलाने लक्ष्याकडे तोंड करून उभे राहावे, पिस्तूल नीट हातात घ्यावे, डोळे मिटावेत, हात नेहमीसारखा उचलून खांद्याच्या रेषेत आणावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साईट मागच्या खाचेत आपोआप मध्यभागी आलेली दिसली तर ग्रिप त्या हाताची आहे. ती दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल आणि मुलाला मनगट वळवून ती मध्ये आणावी लागत असेल, तर स्पर्धेतील साठ छर्‍यांसाठी साठ वेळा मनगट वळवण्याचे कष्ट त्या मुलाच्या नशिबी आले, असे समजावे. त्याच वेळी तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सहज टेकते का आणि बोटाची बाजू लाकडाला घासत तर नाही ना, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट वजनाची. नियमाने एअर पिस्तुलाचे कमाल वजन १,५०० ग्रॅम आहे; प्रत्यक्षात बहुतेक पिस्तुले किलोच्या आसपास भरतात आणि काही आखूड नळीची त्याहून हलकी असतात. एक किलो म्हणजे फार नाही, असे वडीलधाऱ्यांना वाटते. त्यांनी लिटरची पाण्याने भरलेली बाटली एका हाताने, कोपर न वाकवता, खांद्याएवढ्या उंचीवर धरून वीस सेकंद उभे राहून पाहावे, आणि मग असे साठ छर्‍यांसाठी सव्वा तासात करायचे असते हे ध्यानात घ्यावे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आणि कोपरावर हा भार एकदम टाकू नये. लहान मुलांसाठी हलके, आखूड पिस्तूलच बरे. जड पिस्तूल स्थिर राहते हे खरे, पण ते पेलणाऱ्या हाताला. मी मुलांना पहिले काही आठवडे छर्राच देत नाही. नुसते उचलणे, धरणे, उतरवणे आणि कोरडा ट्रिगर, म्हणजे छर्‍याविना ट्रिगर दाबणे, एवढेच करून घेतो, आणि ज्या पालकांना हा वेळ वाया गेलेला वाटतो त्यांच्याशी मी वाद घालतो.

ट्रिगरबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते सर्वांना पटेलच असे नाही. ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम असावा असा नियम आहे आणि स्पर्धेपूर्वी त्याला तेवढे वजन टांगून तपासतात. हा ट्रिगर यांत्रिक असतो किंवा बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक असतो. दुसरा अतिशय स्वच्छ सुटतो, यात वाद नाही. तरीही जिल्ह्याच्या गावातील मुलाचे पहिले पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचे असावे, असे मला वाटते, कारण ते बिघडले तर निदान उघडून पाहता येते, आणि परदेशी सर्किटची वाट पाहण्यात एक अख्खा मोसम निघून जात नाही. टोकियोच्या पात्रता फेरीत २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन वेळी बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुण घेऊनही ती बाराव्या स्थानी राहिली. जिच्या पाठीशी सर्व व्यवस्था उभी होती तिच्यावर ही पाळी आली. आपल्या तालुक्यातल्या मुलाला तर सुटा भाग कोठे मिळतो, हेसुद्धा शोधावे लागते.

जुने पिस्तूल घेण्यात कमीपणा नाही. उलट मी तेच सुचवतो. चांगल्या नेमबाजाने जपून वापरलेले पिस्तूल कैक वर्षे उत्तम चालते. फक्त त्याच्या हवेच्या नळकांड्यावरची तारीख आधी वाचावी. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरलेली असते, नळकांड्याची मुदत दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही, घरीही भरू नये. गेल्या हिवाळ्यात एका पालकाने स्वस्तात मिळाले म्हणून आणलेल्या पिस्तुलाची दोन्ही नळकांडी मुदतीबाहेरची निघाली आणि नव्या नळकांड्यांच्या खर्चाने सगळी स्वस्ताई संपली.

मग पिस्तूल घ्यावे केव्हा? पदक पाहून नव्हे आणि वाढदिवसालाही नव्हे. एक पूर्ण मोसम क्लबच्या पिस्तुलावर काढावा. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. ते रोज लागावे अशी माझी अपेक्षा नसते. माझी कसोटी निराळी आहे. मुलाने एका उभ्याने साठ छर्रे मारावेत आणि शेवटच्या दहा छर्‍यांचा गट पहिल्या दहांच्या गटाएवढाच राहावा, मग तो आठच्या वर्तुळात असला तरी चालेल. हे जमू लागले म्हणजे हात तयार झाला, आणि तेव्हा त्या हाताचे माप घेऊन पिस्तूल घ्यावे. वाढत्या मुलाची ग्रिप दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल, हेही आधीच हिशेबात धरावे. रायफलीला लागणारे जाड जॅकेट, पँट, खास बूट पिस्तुलाला लागत नाहीत, म्हणून हा प्रकार स्वस्त आहे असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे; छर्रे, हवा, रेंजची फी आणि प्रवास हे खर्च पिस्तूल घेतल्यानंतर सुरू होतात, आणि कर्जाचे हप्ते चालू असताना घरची मंडळी प्रथम सरावावरच काट मारतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

यात क्लबांची आणि क्रीडा खात्याचीही जबाबदारी आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्यासारख्या नेमबाज ज्या महाराष्ट्राने दिल्या, आणि बालेवाडीसारखी रेंज ज्या राज्यात आहे, तेथे जिल्ह्याच्या क्लबात मुलाला हात लावून पाहायला निरनिराळ्या मापांच्या ग्रिप नसाव्यात, हे मला अतिशय खटकते. प्रत्येक क्लबला नवे पिस्तूल द्या असे मी म्हणत नाही. आहेत त्याच पिस्तुलांसाठी लहान मापाच्या दोन आणि डाव्या हाताची एक अशा तीन ग्रिप द्याव्यात. पिस्तुलाच्या किमतीच्या मानाने हा खर्च फार थोडा आहे. विक्रेत्यांनीही हाताचे माप घेतल्याशिवाय मुलांसाठी पिस्तूल विकू नये. तळहाताची रुंदी आणि तर्जनीची लांबी कागदावर हात ठेवून, पेन्सिलीने रेघ मारून कळवता येते.

आमच्या क्लबच्या कपाटात आज चार पिस्तुले आहेत आणि चारही उजव्या हाताची आहेत. यंदा आलेल्या मुलांत दोघे डावखुरे आहेत. एक नववीतला मुलगा आहे आणि एक सहावीतली मुलगी. दुसरा मार्ग नसल्याने दोघेही उजव्या हाताने पिस्तूल उचलायला शिकत आहेत. जून महिन्यात क्लब पुन्हा भरेल, तोवर डाव्या हाताची एक ग्रिप कोणाकडे वापराविना पडून असेल तर ती आम्हाला उसनी मिळावी, एवढी विनंती मी आपल्या वाचकांपैकी नेमबाजांना करतो.

कळावे,
आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)